चौदावा डबा

बेंगळुरू,
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय केतकी,

पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहिण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. तो नीट पाळण्याचे बळ आज माझ्यात नाही. तेव्हा ते लिहिलेच आहेत असे समजून पुढे वाच.

मारतहळ्ळीहून तुझ्या सर्जापूर रस्त्यावरच्या घरापर्यंत जेमतेम दहा किलोमीटर अंतर आहे. एवढ्या अंतरासाठी बापाने टपालाचा आधार घ्यावा, हे तुला विचित्र वाटेल. परंतु फोनवर मी विषय काढला की तू म्हणतेस, ‘बाबा, ते सगळं वकील बघतायत, तुम्ही फक्त वेळेवर जेवा.’ आणि मी ‘बरं’ म्हणतो. गेल्या तीन महिन्यांत हे ‘बरं’ मी इतक्या वेळा म्हटले आहे की त्याचा मला शीण आला आहे. कागदाला मध्येच कोणी थांबवीत नाही, म्हणून कागद घेतला. पुढच्या शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला, तुझ्या तक्रारीची सुनावणी आहे. नोंदणी मंडळाने ती ग्राह्य धरली, तर महानंदाचे नाव परिचारिकांच्या यादीतून कमी होईल आणि तिला पुन्हा कोठेही कोणा आजाऱ्याच्या उशाशी उभे राहता येणार नाही. एकोणीस वर्षे ती हे काम करीत आली आहे. मला त्याविषयीच लिहायचे आहे. पण क्रमाने सांगितल्याशिवाय मला काहीही सांगता येत नाही. तुझी आई म्हणत असे, की ‘यांना पाणी मागायचं असलं तरी आधी विहिरीपासून सुरुवात करतात.’ तेव्हा थोडा धीर धर.

घरी तसे सर्व ठीक आहे. आईचे कपाट अर्धे आवरून झाले. उरलेले अर्धे आवरायला हात उचलत नाही. मधल्या काळात एक शासकीय काम मात्र उरकले. गडहिंग्लजला तिच्या माहेरच्या जमिनीच्या उताऱ्यावर तिचे नाव अजून शालन असेच आहे आणि मृत्यूच्या दाखल्यावर हेमलता. तुझ्या मामाला वारसांची नोंद पूर्ण करायची होती, म्हणून प्रतिज्ञापत्र करावे लागले. नोटरीने ते मला वाचून दाखवले: ‘शालन व हेमलता या दोन्ही नावांची व्यक्ती एकच होय.’ मी सही केली. त्याला अर्धे मिनिटही लागले नाही. रिक्षातून परत येताना मनात आले, की हीच सही मी जून महिन्यात करायला हवी होती आणि ती मागायला तेव्हा एक बाई माझ्यासमोर उभीही होती.

तिचे नाव कसे बदलले, ते तू लहानपणी शंभरदा ऐकले आहेस. पण ते तू तिच्या तोंडून ऐकले आहेस आणि ती ते हसत सांगत असे. १९७८ साली आमचे लग्न झाले, तेव्हा आमच्या घरी माझ्या थोरल्या आत्या राहत होत्या. बालविधवा, घरातल्या सर्वांत वडील, आणि त्यांचे नाव शालन. वडील माणसाचे नाव घेऊन सुनेला ‘शालन, चूल पेटव’ म्हणणे घरात कोणालाच शक्य नव्हते. म्हणून नाव बदलायचे ठरले. ‘हेमलता’ मी निवडले. ताटातल्या तांदळांवर अंगठीने मी ते लिहिले, अक्षर नेहमीप्रमाणे सुबक आले, आणि भोवतालच्या बायकांनी ‘वा, इंजिनीअर!’ म्हटले. तिने ते वाचले आणि मान हलवली. पुढे महिनाभर ती वर्तमानपत्राच्या कडांवर नव्या सहीचा सराव करीत होती. मला त्याचे मोठे कौतुक वाटले होते. तिला नाव पसंत आहे का, हे मी विचारले नाही. विचारण्याची पद्धत नव्हती असे मी आजवर म्हणत आलो. पण आत्या १९८५ साली गेल्या, आणि त्यानंतर चाळीस वर्षे विचारायला कोणाची हरकत होती?

आईला शुश्रूषागृहात ठेवायचा निर्णय तुझा होता, आणि मी त्याला विरोध केला, हे तुझ्या मनात अजून सलते हे मला ठाऊक आहे. निर्णय योग्य होता. ती रिंग रोडवरच्या थांब्यावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक बसच्या वाहकाला गडहिंग्लजची गाडी कधी लागते ते विचारीत होती, त्या दिवसानंतर माझ्या विरोधाला काही अर्थ उरला नव्हता. मी तो केवळ सवयीने चालू ठेवला. फेब्रुवारीत आपण तिला तिथे नेले. चौदा माणसांचे निवास, स्वच्छ फरश्या, मागे पेरूचे झाड. मी रोज दहाला जात असे आणि बाराला परत येत असे. तू म्हणालीस, की बाबांना नवी नोकरी लागली. खरोखरच तसे झाले होते, आणि मला वाटते, तिथेच सारे बिनसले.

पहिल्याच आठवड्यात मी औषधांची खोली पाहिली. खोली कसली, स्वयंपाकघराला लागून असलेली कोठीच ती. फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या कुप्या आणि दुसऱ्या दिवशीच्या इडलीचे पीठ शेजारी शेजारी. पीठ फुगून एका कुपीला चिकटलेले. गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापून ठेवलेल्या, त्यामुळे एखाद्या तुकड्यावर औषधाचे नाव उरले होते, एखाद्यावर मुदत, आणि दोन्ही असलेला तुकडा क्वचितच. एका बाटलीत तांबडे पातळ औषध होते. ते खोकल्याचे की भुकेचे, हे कोणालाच सांगता येईना. कपाटाला कुलूप होते, पण किल्ली त्याच कुलपात अडकवलेली. व्यवस्थापक भीमाचार्य हे धारवाडकडचे सज्जन गृहस्थ. मी जिकडे बोट दाखवीन तिकडे पाहून ते ‘सरी सर, सरी सर’ म्हणत होकारार्थी मान हलवीत राहिले आणि शेवटी एवढेच म्हणाले, ‘पीठ रात्रीपुरतंच असतंय सर, सकाळी इडली होऊन जातंय.’

विमान कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात मी चौतीस वर्षे काढली. ज्या भागावर चिठ्ठी नाही तो भाग नाहीच, असे आम्ही मानीत असू. नाकारलेला भागसुद्धा कोणी आपल्या मनाने फेकायचा नाही. त्याला लाल चिठ्ठी लावून वेगळ्या जाळीत बंद करायचे, आणि समितीची सही झाल्यावरच त्याची विल्हेवाट लावायची. अशा माणसाला ती कोठी पाहून काय वाटले असेल, याची तू कल्पना कर. मी भीमाचार्यांना चार पानी टिपण दिले. त्यांनी ते वाचले की नाही, मला माहीत नाही. पण त्यांनी कपाटाची दुसरी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, ‘तुम्हीच करा सर, तुम्हांला येतंय.’

ही कोठी तोवर महानंदा सांभाळीत असे. निपाणीजवळच्या खेड्यातली ही बाई कन्नड आणि मराठी एकाच श्वासात बोलते. तू तिला दोन-चारदाच पाहिलेस, तेही घाईत. तिची स्वतःची एक पद्धत होती. बिस्किटांचे चौदा पत्र्याचे डबे. प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी, आणि तिच्यावर ज्या नावाने त्या माणसाला हाक मारतात ते नाव, इंग्रजी अक्षरांत. शिवाय प्रत्येक डब्याला त्या त्या माणसाच्या जुन्या कपड्याची एक चिंधी बांधलेली. आईच्या डब्याला तिच्या हिरव्या इरकलीचा काठ होता. एका निवृत्त सुभेदारांच्या डब्याला त्यांच्या पायजम्याची नाडी होती. मी विचारले, हे काय? ती म्हणाली, ‘अक्षर विसरत्यात काका, पण आपलं कापड कोण विसरत न्हाई. डबा दिसला की तोंड उघडत्यात बघा.’ मी चिठ्ठ्या तयार करू लागलो तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, ‘विमानाला बी असंच लेबल लावत हुतासा व्हय?’ मी म्हणालो, ‘होय, म्हणूनच ती खाली पडत नसत.’ त्यावर ती म्हणाली, ‘मग आमच्या आज्ज्यांना बी लावा की एकेक. रोज कोण ना कोण पडतंयच.’ मला हसू आले होते. त्या काळात मी हसत असे.

जूनअखेर काम पूर्ण झाले. औषधांना वेगळा फ्रिज आला. पट्ट्या अखंड ठेवायच्या, कापायच्या नाहीत, असे ठरले. प्रत्येकासाठी एक खण. खणावर आधार कार्डाप्रमाणे पूर्ण नाव, जन्मदिनांक, औषध, मात्रा, वेळ, मुदत. दाराच्या आतल्या बाजूस मी पाच नियम इंग्रजीत टंकलिखित करून लावले. तिसरा नियम असा होता: ‘औषध देण्यापूर्वी व्यक्तीस नाव विचारावे, त्या नावाची चिठ्ठी पाहावी, मगच औषध द्यावे.’ जुने डबे मी स्वतः गोणीत भरून बाहेर काढले. तेरा डबे टाकले. चौदावा हातात घेतला आणि त्याच्या इरकली काठाकडे पाहिले. ते लुगडे तिने तुझ्या बारशाला नेसले होते. तो डबा मी कपाटाच्या तळच्या कप्प्यात, मागे सरकवून ठेवला. साऱ्या व्यवस्थेत मी नियम सोडून केलेली ही एकच गोष्ट.

एका चिठ्ठीवरून मात्र महानंदाचा आणि माझा वाद झाला. एप्रिलपासून आई ‘हेमलता’ या नावाला ओ देईनाशी झाली होती, हे तू पाहिलेच होतेस. मी त्या नावाने हाक मारली, की ती माझ्या पाठीमागच्या दाराकडे पाही, कोण येत आहे म्हणून. महानंदाने तिच्या कागदपत्रांतून, की तिच्याच बडबडीतून, जुने नाव शोधून काढले. ‘शालन आज्जी, उठा की, च्या निवालाय,’ असे म्हटले की ती लगेच उठून बसे. गडहिंग्लज आणि निपाणी शेजारशेजारची, बोलणेही तेच. तिला आपल्या गावची कोणी भेटली होती. महानंदा मला म्हणाली, ‘काका, खणावर शालन लिवा. न्हाई तर दोन्ही लिवा.’ मी म्हणालो, एका व्यक्तीस एकच चिठ्ठी. दोन नावे लिहिली तर त्या दोन वस्तू होतात. ती म्हणाली, ‘माणूस हाय की वो, वस्तू कुठं?’ मी पद्धतीच्या आड उभा होतो, केतकी. खरी गोष्ट अशी, की सत्तेचाळीस वर्षे जिला मी एका नावाने हाक मारली, तिने ते नाव सहज काढून ठेवले, आणि तिचे दुसरे नाव एका परकीला सापडले, हे मला सोसत नव्हते. निदान खणावर तरी ती हेमलता राहावी, असे मला वाटले.

आता ऑगस्ट. शुक्रवारी, आठ तारखेला, वरमहालक्ष्मीचे व्रत होते. निवासातल्या सर्व बायकांना गजरे दिले होते. आईच्या केसांत मोगरा होता आणि ती फार सुंदर दिसत होती. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, ‘हेमलता, छान दिसतेस.’ तिने माझ्याकडे अगदी सभ्यपणे, परक्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले आणि म्हणाली, ‘ती बाई हितं न्हाई ऱ्हात. तुमी फाटकापाशी इचारा.’ मी उठून घरी आलो. शनिवारी गेलो नाही, रविवारीही गेलो नाही. गुडघा दुखतो आहे असे मी तुला कळवले होते. गुडघ्याला काहीही झाले नव्हते.

त्या दोन दिवसांत काय घडले, ते तुझ्या तक्रारीत अचूक नोंदलेले आहे. महानंदा राखीसाठी भावाकडे गेली होती. बदलीवर आलेल्या मुलीला निवासाची काहीच माहिती नव्हती. तिने दारावरचे नियम वाचले, आणि ते पाळले. आईला हिंदीत नाव विचारले. आईने सांगितले, ‘शालन.’ खणांवर शालन नावाची चिठ्ठी नव्हती. तिने शोध घेतला, तेव्हा तळच्या कप्प्यात, मागे, SHALAN AJJI असा डबा सापडला. त्यात मधुमेहाच्या गोळ्या होत्या आणि मात्रेची जुनी चिठ्ठी होती, सकाळी एक, संध्याकाळी एक. आई धड जेवत नव्हती म्हणून डॉक्टरांनी जुलैअखेर बंद केलेल्या त्या गोळ्या. शनिवारी दोन दिल्या, रविवारी सकाळी एक. रविवारी दुपारी ती घामाने भिजलेली, बेशुद्ध सापडली. रक्तातली साखर अगदी तळाला गेली होती. पुढे न्यूमोनिया झाला आणि एकवीस तारखेला ती गेली. नोंदवहीत त्या दोन्ही दिवशी शालनच्या नोंदीखाली दुसऱ्या एका ओळीत लिहिलेले आहे: ‘हेमलता, अनुपस्थित. कुटुंबासोबत घरी गेल्या असाव्यात.’ ते पान तू मला दाखवलेस तेव्हा मी चष्मा काढून ठेवला होता, आणि तुला वाटले, मी रडतो आहे. मी रडत नव्हतो. मला ते वाक्य पुन्हा दिसू नये, एवढेच हवे होते.

डब्यावर अक्षर महानंदाचे, चिठ्ठी महानंदाच्या हातची. तिने अनधिकृत नावाचा, बंद केलेल्या औषधांचा डबा कपाटात दडवून ठेवला, असा तू आरोप केलास. कागदोपत्री पाहता दुसरा निष्कर्ष निघूच शकत नव्हता. सप्टेंबरात भीमाचार्यांच्या खोलीत चौकशी झाली, तेव्हा ती एकच वाक्य बोलली: ‘बंद झालेल्या गोळ्या मी काकांच्या हातात दिल्या हुत्या.’ सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, ‘मला तसे काही स्मरत नाही.’ तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, ‘बाबांना यात ओढू नका, त्यांची काय अवस्था आहे ते दिसतंय ना?’ महानंदाने माझ्याकडे क्षणभर पाहिले, आणि म्हणाली, ‘बरं काका.’

मला स्मरते. तीस जुलै, बुधवार, सव्वाअकरा वाजता. डॉक्टर नुकतेच गेले होते. महानंदाने त्याच क्षणी खणातून त्या गोळ्या काढल्या, त्यांना गुंडाळलेली तिच्या हातची मात्रेची जुनी चिठ्ठीही काढली, आणि दोन्ही माझ्या हातात देऊन म्हणाली, ‘ह्या आता बंद, काका. दुकानात परत द्या, न्हाई तर टाकून द्या. पण हितं नकोत.’ तिने करायचे ते तिथल्या तिथे आणि बिनचूक केले होते. मी म्हणालो, सहीशिवाय काही बाहेर जाणार नाही; पुढच्या भेटीत डॉक्टरांची सही घेऊ, तोवर वेगळे ठेवतो. वेगळे ठेवायला जागा कोणती? तळचा कप्पा, आणि त्यातला तो डबा. मी गोळ्या त्यात ठेवल्या, चिठ्ठी त्यात ठेवली, झाकण लावले. लाल कागद संपला होता. उद्या आणून लावू, असे म्हटले. दुसऱ्या दिवशी विसरलो, तिसऱ्या दिवशी आठवले तेव्हा कंटाळा केला. कारखान्यात एखाद्या फिटरने असे केले असते, तर मी त्याला त्या दिवशी घरी पाठवले असते.

चौकशीत मी खोटे का बोललो, याचे उत्तर मी गेले अडीच महिने शोधतो आहे. भीतीने, असे म्हणणे सोपे आहे. पण भीतीहून अधिक म्हणजे मला थकवा आला होता. तू माझ्या शेजारी बसली होतीस. फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच आपण दोघे एका बाजूला होतो. आईला तिथे ठेवले म्हणून तू स्वतःला बोल लावीत होतीस, तो बोल आता दुसरीकडे गेला होता आणि तुझा चेहरा किंचित सैल झाला होता. ते पाहून मला वाटले, राहू दे असेच. त्याची किंमत तिसऱ्याच कोणाला द्यावी लागेल, हे मला कळत होते. कळूनही मी ‘स्मरत नाही’ म्हणालो.

गेल्या रविवारी महानंदा घरी आली होती. आईचा चष्मा आणि एक लोकरी टोपी निवासातच राहिली होती, ती द्यायला. तिला कामावरून काढल्याला दोन महिने झाले. सध्या ती व्हाइटफील्डकडे एका पाळणाघरात मुलांना भरवते. तिने मला विचारले, ‘जेवलासा काय?’ मी होय म्हणालो, पण तिने स्वयंपाकघरात डोकावून पाहिलेच. ओट्यावर माझ्या गोळ्या पडल्या होत्या. तिने एक पट्टी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाली, ‘ही मागल्या महिन्यात संपली की वो.’ मग खाली बसून तिने माझ्या सर्व गोळ्या वेगळ्या केल्या, मुदत गेलेल्या पिशवीत बांधून आपल्याबरोबर घेतल्या, आणि उरलेल्यांवर चिकटपट्टी लावून सकाळ-संध्याकाळ लिहून दिले. सुनावणीचा शब्द तिने काढला नाही. ती चपला घालू लागली तेव्हा मीच म्हणालो, ‘महानंदा, त्या शुक्रवारी...’ ती म्हणाली, ‘तुमास्नी आठवत न्हाई म्हणालासा. असंल. वय झालंय की.’ तो टोमणा होता की सूट होती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आज सकाळी मी नोंदणी मंडळाच्या कार्यालयात जाऊन लेखी निवेदन दिले. त्यात तारीख, वार, वेळ, तळचा कप्पा, डबा, न लावलेली लाल चिठ्ठी, आणि सप्टेंबरात मी खोटे बोललो ते, असे सर्व क्रमवार लिहिले आहे. पोच घेतली आहे. तुझी परवानगी मी मागितली नाही, कारण तू ‘बाबा, असू दे’ म्हणाली असतीस आणि मी ‘बरं’ म्हटले असते. या निवेदनाला आता एकच उत्तर देता येण्यासारखे आहे, आणि तुझे वकील हुशार आहेत: चौऱ्याहत्तर वर्षांचा, बायको गमावलेला माणूस, त्याला काय आठवते आणि काय वाटते, त्यातला फरक त्याचा त्यालाच कळत नाही. म्हणून मंगळवारी मी एका डॉक्टरांकडून स्मरणशक्तीची तपासणी करून घेतली. तीसपैकी एकोणतीस गुण आहेत. एक गुण आजची तारीख सांगताना गेला. तो दाखला निवेदनाला जोडला आहे. पण मंडळ दाखल्यापेक्षा मुलीचे ऐकेल. शुक्रवारी ते तुला विचारतील, की तुमच्या वडिलांचे भान ठीक आहे का. तुला माझा राग येईल, तो तू घरी येऊन काढ, मी दार उघडे ठेवीन. तिथे मात्र, केतकी, ‘हो, ठीक आहे,’ एवढेच म्हण. त्या एका उत्तरासाठी हे पत्र लिहिले.

तुझाच,
बाबा